घरच्या स्विमिंग पूलसाठी जाणकार माणूस कधी बोलवायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी ८ बाय ४ मीटरचा पूल आहे, सरासरी खोली १.५ मीटर. जाळी मारणं, ब्रश फिरवणं, क्लोरीनच्या गोळ्या, आठवड्याला बॅकवॉश (फिल्टरमधून पाणी उलटं सोडून तो धुणं), सगळं घरचीच माणसं करतात. पण या मोसमात पाणी तीनदा हिरवं झालं. दर वेळी भरपूर क्लोरीन टाकला की निवळतं आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच. पातळीही जरा जास्तच उतरते आहे असं वाटतं. तर आता महिन्याच्या बोलीवर माणूस लावावा का, की अजून स्वतःच प्रयत्न करावा?

घरगुती पूलची कामं करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. हा प्रश्न बहुतेक वेळा उशिरा येतो, तोवर खर्चही झालेला असतो आणि घरच्यांचा उत्साहही संपलेला असतो. म्हणून उत्तर आधीच सांगतो. महिन्याचा माणूस तुम्हाला बहुधा नको आहे. पण एकदा नीट निदान करणारा माणूस नक्की हवा आहे, आणि दुसऱ्यांदा पाणी हिरवं झालं तेव्हाच त्याला बोलवायला हवं होतं.

पाणी एखाद्या वेळी बिघडणारच. पाहुणे आले, पाऊस झाला, चार दिवस कुणी लक्ष दिलं नाही, की बिघडतं. ते तुम्ही सुधारलंत आणि ते सुधारलेलं राहिलं, तर विषय तिथेच संपला. पण उपाय बरोबर करूनही तीच तक्रार परत आली, तर कारण तुम्ही बघताय तिथे नाही. ते शोधायला दुसरी नजर लागते. आणि काही कामं अशी आहेत की तिथे चूक झाली तर ती परत फिरवता येत नाही. वीज, तळाची जाळी, पूल रिकामा करणं, ॲसिडने घासणं. तिथे दुसऱ्या वेळेची वाट बघायची नाही, पहिल्यालाच बोलवायचं.

आता तुमचं हिरवं पाणी. तुम्ही गोळ्या वापरता, हा त्यातला सगळ्यात महत्त्वाचा तपशील आहे.

तुमच्या पूलमध्ये ८ गुणिले ४ गुणिले १.५, म्हणजे ४८ घनमीटर, ४८,००० लिटर पाणी आहे. सावकाश विरघळणाऱ्या नेहमीच्या गोळ्या ट्रायक्लोरच्या असतात. २०० ग्रॅमच्या एका गोळीतून एवढ्या पाण्याला सुमारे ३.७ पीपीएम, म्हणजे लिटरमागे ३.७ मिलिग्रॅम, क्लोरीन मिळतो. पण त्याच गोळीतून सायन्युरिक ॲसिडही, म्हणजे स्टॅबिलायझरही, पाण्यात जातं, सुमारे २.३ पीपीएम. क्लोरीन खर्च होतो, उन्हात उडतो, घाण मारताना संपतो. सायन्युरिक ॲसिड मात्र जवळजवळ तसंच राहतं. ते बाष्पीभवनाने जात नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही. आठवड्याला तीन गोळ्या धरल्या तर बारा आठवड्यांत ८० पीपीएमच्या आसपास भर पडते. बॅकवॉशमध्ये आणि पोहणाऱ्यांच्या अंगाबरोबर थोडं पाणी बाहेर जातं तेवढीच काय ती घट.

स्टॅबिलायझर वाईट नाही. उघड्यावरच्या पूलमध्ये ३० ते ५० पीपीएम असावंच, नाहीतर सकाळी टाकलेला क्लोरीन दुपारपर्यंत उन्हाने संपवलेला असतो. पण ते वाढत गेलं की क्लोरीनला धरून ठेवतं आणि त्याचा जोर कमी करतं. व्यवहारात आम्ही असं धरतो की मोकळा, म्हणजे अजून खर्च न झालेला, क्लोरीन हा सायन्युरिक ॲसिडच्या निदान साडेसात टक्के हवा. ४० पीपीएमला ३ पुरतो. १२० झालं की ९ लागतो. तुम्ही पट्टी बुडवून २ किंवा ३ बघता, रंग बरोबर आहे म्हणून समाधान मानता, आणि शेवाळ आपलं वाढत राहतं. मग भरपूर क्लोरीन टाकला की तात्पुरतं मरतं. परत गोळ्या, परत तेच.

एवढं वाचून गोळ्या बंद करायला निघाला असाल तर जरा थांबा, कारण तुमच्या प्रश्नात दुसरीही गोष्ट आहे. पातळी उतरते आहे. पाणी खरंच गळत असेल आणि तुम्ही वरून ताजं भरत असाल, तर गळणाऱ्या पाण्याबरोबर सायन्युरिक ॲसिडही बाहेर जातं. तेव्हा ते साठण्याऐवजी कमीच पडत असेल, आणि क्लोरीन उन्हात उडत असेल. म्हणजे पाणी हिरवंच, पण कारण अगदी उलट आणि उपायही उलट. एकात पाणी बदलायचं, दुसऱ्यात गळती काढून स्टॅबिलायझर वाढवायचं. अंदाजाने केलंत तर निम्मी शक्यता चुकण्याची. माणूस बोलवायचा तो यासाठी. ब्रश मारायला नव्हे.

तो येण्याआधी तीन गोष्टी तुम्ही स्वतः करून ठेवू शकता, आणि त्या करून ठेवल्या तर त्याचं काम निम्मं होतं.

पहिली, सायन्युरिक ॲसिडची चाचणी. पट्टीवर यासाठी विसंबू नका. थेंबांच्या किटमध्ये एक नळी असते, तिच्या तळाशी काळा ठिपका असतो. पूलचं पाणी आणि द्रावण सारख्या प्रमाणात मिसळलं की ते दुधाळ होतं. ते मिश्रण नळीत हळूहळू ओतत जायचं आणि वरून बघत राहायचं. ठिपका दिसेनासा झाला की तिथला आकडा वाचायचा. हे उजेडात, पण थेट उन्हात नको, आणि नळी कमरेच्या उंचीवर धरून करायचं. डोळे बारीक करून ठिपका शोधत बसू नका, सहज बघून दिसत नसेल तर दिसत नाही. आकडा १०० च्या वर जातोय असं वाटलं तर पूलचं पाणी तितक्याच नळाच्या पाण्यात मिसळून चाचणी पुन्हा करायची आणि येणारा आकडा दुप्पट धरायचा.

दुसरी, रात्रीची चाचणी. सूर्य मावळल्यावर मोकळा क्लोरीन मोजा, पहाटे ऊन पडायच्या आत परत मोजा, मधे काही टाकू नका. रात्री ऊन नसतं, त्यामुळे १ पीपीएमपेक्षा जास्त घट दिसली तर पाण्यात अजून काहीतरी जिवंत किंवा कुजकं क्लोरीन खात आहे. म्हणजे पाणी निवळलेलं दिसलं तरी शेवाळ मेलेलं नव्हतं, फक्त नजरेआड झालं होतं. ते शिडीच्या मागे, दिव्याच्या खोबणीत, स्किमरच्या (काठावरून पाणी आणि कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाच्या) झाकणाखाली बसलेलं असतं.

इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. क्लोरीनची गुलाबी रंग येणारी चाचणी करताना क्लोरीन फार जास्त असेल, साधारण १० पीपीएमच्या पुढे, तर रंग क्षणभर येतो आणि उडतो. नळी पांढरी दिसते. बघणाऱ्याला वाटतं क्लोरीन शून्य आहे, आणि तो आणखी टाकतो. द्रावण टाकताच नळीकडे नीट बघा. गुलाबी चमक येऊन गेली असेल तर ते शून्य नाही. अशा वेळी पीएचचाही आकडा खोटा येतो, जांभळट दिसतो, त्यावरून ॲसिड ओतू नका.

तिसरी, बादलीची चाचणी. पूलच्या पायरीवर बादली ठेवायची, पूलच्याच पाण्याने भरायची, आतली आणि बाहेरची पातळी सारखी करून दोन्हीकडे खूण करायची. चोवीस तासांनी बघायचं. बादलीतलं पाणी फक्त बाष्पीभवनाने उतरतं, पूलचं बाष्पीभवन अधिक गळती असं उतरतं. समजा बादली ५ मिलिमीटर उतरली आणि पूल १२, तर ७ मिलिमीटरचा फरक गळतीचा. तुमच्या पूलचा पृष्ठभाग ३२ चौरस मीटर आहे, म्हणजे दर मिलिमीटरला ३२ लिटर. ७ मिलिमीटर म्हणजे दिवसाला २२४ लिटर पाणी जमिनीत जातंय. हीच चाचणी एकदा पंप नेहमीसारखा चालवून आणि एकदा पूर्ण बंद ठेवून करा. पंप चालू असताना गळती वाढत असेल तर संशय परतीच्या, म्हणजे गाळलेलं पाणी पूलमध्ये आणणाऱ्या, पाइपवर जातो. दोन्ही वेळी सारखीच असेल तर टाकीच्या भिंतीत, सांध्यात, दिव्याच्या खोबणीत कुठेतरी आहे. पातळी उतरत उतरत एका जागी थांबते का तेही बघा. स्किमरच्या तोंडाशी थांबली तर स्किमरची फट, दिव्याच्या उंचीवर थांबली तर दिव्याची नळी.

एवढं तुमचं. पुढे पाण्यात रंग सोडून फट शोधणं, पाइप दाबाने तपासणं, फरशीखालचा सांधा काढणं, हे गळतीवाल्याचं काम आहे. टाइल्सच्या सांध्यांत वरवर ग्राउट भरून गळती थांबवायचा प्रयत्न बरेच जण करतात. पाणी थांबत नाही, आणि नंतर खरी जागा शोधणं अवघड होतं.

चाचणीत सायन्युरिक ॲसिड १२० निघालं आणि ४० वर आणायचं असेल, तर दोन तृतीयांश पाणी बदलावं लागेल. ते कमी करायचा साधा, खात्रीचा मार्ग तेवढाच. आणि इथे मी आवर्जून सांगतो, पूल स्वतः रिकामा करू नका. भरलेला पूल आपल्याच वजनाने जमिनीत बसून असतो. आजूबाजूच्या जमिनीत पाणी मुरलेलं असेल, विशेषतः पावसानंतर, तर ते टाकीला खालून वर ढकलत असतं. आतलं पाणी उपसलंत की तो जोर अडवायला काही उरत नाही. फायबरची टाकी अख्खी वर उचलली जाऊ शकते, काँक्रीटची तडकू शकते, लायनरचा, म्हणजे आतून प्लास्टिकचं अस्तर असलेला, पूल असेल तर लायनर आक्रसतं आणि परत नीट बसत नाही. जाणकार माणूस आधी जमिनीतल्या पाण्याचा अंदाज घेतो, तळाचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह आहे का आणि चालतो का बघतो, आणि शक्य असेल तर थोडं थोडं उपसून भरत जातो. एक तृतीयांश बदललं तर १२० चे ८० होतात, पुन्हा तेवढंच बदललं की ५३. वेळ आणि थोडं पाणी जास्त लागतं, पण टाकी जागेवर राहते.

पंपाच्या खोलीबद्दल. इथलं बरंचसं तुम्ही करू शकता. फिल्टर स्वच्छ असतानाचा दाब लिहून ठेवा. तो ८ ते १० पीएसआयने चढला की बॅकवॉश. आठवडा झाला म्हणून बॅकवॉश करण्यात अर्थ नाही. फिल्टरमधली किंचित मळलेली वाळू उलट जास्त बारीक गाळते. व्हॉल्व्हचा दांडा फिरवण्याआधी पंप बंद, दर वेळी. पंपाच्या झाकणाखालची रबरी रिंग सुकली असेल तर ती बदलणं, तिला सिलिकॉनचं ग्रीस लावणं, हे घरचं काम आहे. परतीच्या तोंडातून बुडबुडे येत असतील तर आधी पाण्याची पातळी स्किमरच्या तोंडाच्या मध्यापर्यंत आहे ना बघा, मग ही रिंग. एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं.

पण पंप आणि मोटर जिथे जुळतात तिथून थेंब पडत असतील तर ते सील गेलेलं आहे. ते लगेच बदललं तर छोटं काम. तसंच चालवलं तर पाणी बेअरिंगमध्ये जातं, मोटर किंचाळायला लागते, आणि मग मोटरच जाते. पूलच्या तळाशी परतीच्या तोंडाखाली वाळूचा लहानसा ढीग दिसू लागला तर फिल्टरच्या आतली नळी तुटली आहे. टाकी उघडून सगळी वाळू काढावी लागते, तिथे माणूसच हवा. आणि दाब असताना फिल्टरचा क्लॅम्प कुणीही सैल करायचा नाही, जाणकारानेसुद्धा नाही. आत दाबलेली हवा असते, झाकण उडून लोक जिवाला मुकले आहेत. आधी पंप बंद, मग वरचा हवेचा व्हॉल्व्ह उघडून काटा शून्यावर.

वीज. पाण्यात हात घातल्यावर किंवा शिडी धरल्यावर झिणझिण्या आल्या, कितीही हलक्या, तर सगळ्यांना बाहेर काढा. बाहेर येताना लोखंडी शिडी किंवा कठडा धरू देऊ नका. कोरड्या जागी उभं राहून मुख्य पुरवठा बंद करा. कुणी पाण्यात आखडलं असेल तर पुरवठा बंद होईपर्यंत मागे उडी मारायची नाही. पुढचं सगळं परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं, आणि तोही पूलच्या अर्थिंगची आणि सगळे धातूचे भाग एकत्र जोडण्याची माहिती असलेला. गळतीचा प्रवाह तोडणारा ब्रेकर सारखा पडतो म्हणून तो वगळून पंप चालू करणारा माणूस भेटला, तर त्याला त्याच दिवशी निरोप द्या. तो ब्रेकर पडतो म्हणजे तो त्याचं काम करतो आहे.

तळाच्या जाळीचंही तसंच. ती तुटली, सैल झाली, एखादा स्क्रू गेला, तर पंप बंद आणि पूल बंद, नवी जाळी बसेपर्यंत. उघड्या तोंडाशी मुलाचे केस किंवा हात ओढला गेला तर पंप चालू असताना मोठ्या माणसालाही तो ओढून सोडवता येत नाही. पंपाचा बटण कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला, मोठ्या मुलांनासुद्धा, माहीत असलं पाहिजे. आणि पाण्यातून ही जाळी वरून स्पष्ट दिसत नसेल, इतकं पाणी गढूळ असेल, तर कुणालाही आत सोडू नका. बुडणारा माणूसही त्यात दिसत नाही.

रसायनांचं एकच सांगतो, कारण हिरवं पाणी तीनदा निवळवताना तुम्ही निरनिराळे डबे उघडले असणार. गोळ्यांचा ट्रायक्लोर आणि पावडरचा कॅल्शियम हायपोक्लोराइट हे दोन्ही क्लोरीनच, पण एकत्र आले तर आग लागते, स्फोटही होतो. एकच चमचा दोन्हीकडे वापरू नका. स्किमरमध्ये गोळ्या असतील तर तिथे पावडर टाकू नका. ॲसिड आणि क्लोरीन शेजारी ठेवू नका, त्यांच्या मिश्रणातून विषारी वायू निघतो. पाणी नेहमी आधी, रसायन त्यात. डबा ओला झाला, गरम लागला, त्यातून वाफ येते असं काही दिसलं तर दूर व्हा आणि अग्निशमन दलाला कळवा.

आणखी एक प्रसंग असा आहे की तिथे मी माणूस बोलवायलाच सांगतो. पाण्यात कुणाला जुलाब झाले तर. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नेहमीच्या क्लोरीनमध्ये सात दिवसांहून जास्त जगतो. तो मारायला २० पीपीएम क्लोरीन सुमारे २८ तास टिकवावा लागतो, आणि तेही सायन्युरिक ॲसिड १५ पीपीएमच्या आत असताना. तुमच्या पूलमध्ये ते जास्त असेल तर हा हिशेब लागूच होत नाही.

मग महिन्याच्या बोलीवर कधी लावायचा? घर बरेच दिवस बंद राहत असेल, पूल पाहुण्यांना किंवा भाडेकरूंना वापरायला देत असाल, किंवा आठवड्यातून दोनदा पीएच आणि क्लोरीन मोजायला घरात खरंच कुणी तयार नसेल, तेव्हा. पीएच ७.२ ते ७.८ मध्ये ठेवणं, जाळी मारणं, टोपल्या रिकाम्या करणं हे ज्यांना जमतं आणि आवडतं त्यांनी ते स्वतःच करावं. रोज पाण्याजवळ असणाऱ्याला बदल लवकर दिसतो, आठवड्यातून एकदा येणाऱ्याला तो दिसत नाही.

माणूस निवडताना एकाच गोष्टीवर लक्ष ठेवा. पाण्यात काही टाकण्याआधी तो मोजतो का. पूलचं आकारमान विचारतो का, थेंबांच्या किटने सायन्युरिक ॲसिड आणि क्षारता बघतो का, काय किती टाकलं ते वहीत लिहून जातो का. आल्याआल्या डबा उघडणारा, किंवा चाचणी न करता सगळं पाणी बदलायला सांगणारा, तो तुमच्यासारखाच अंदाज करतो आहे. गळती शोधणारा, वीज बघणारा आणि पाणी बघणारा हे बहुधा वेगवेगळे लोक असतात. एकच जण सगळं करतो म्हणाला तर विजेचं काम तरी त्याच्याकडे देऊ नका.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा. बादली आज ठेवा, पंप चालू ठेवूनच, आणि दुसऱ्या दिवशी पंप बंद ठेवून पुन्हा. सायन्युरिक ॲसिड दोनदा मोजा, दोन वेगळ्या माणसांनी. निकाल येईपर्यंत नवीन गोळ्या घालू नका, लागेल तेवढा द्रवरूप क्लोरीन मोजून द्या, त्यात स्टॅबिलायझर नसतं. मग फोन करताना त्याला सांगा: ४८,००० लिटर, सायन्युरिक ॲसिड इतकं, रात्रीत क्लोरीन इतका उतरतो, पंप चालू असताना इतके मिलिमीटर आणि बंद असताना इतके, फिल्टरचा स्वच्छ दाब इतका, तीन महिन्यांत किती गोळ्या गेल्या. या आकड्यांवरून जो फोनवरच पुढचे प्रश्न विचारायला लागेल, त्याला बोलवा.